रिकामा डबा द्यायचा नसतो

प्राचीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्याचं डोकं खांबावरच्या पांढऱ्या पेटीत होतं आणि पाय टोमॅटोच्या क्रेटवर. मधला माणूस तेवढा दिसत होता. निळा स्वेटर, कोपरावर उसवलेला.

आणि प्राचीचा अवतार? तो तर विचारूच नका! पहाटे साडेचारपासून धुरात उभी, केसांत राख, डोळे लालभडक, नाकाचा शेंडा काळा. पिंपळवंडीतल्या त्रेचाळीस द्राक्षबागायतदारांची बोलणी खाऊन ती बागेच्या या कोपऱ्यावर आली होती, ती निदान त्या खांबाला एक लाथ तरी घालावी म्हणून. तर तिथं हा उभा!

"ओ! कोण तुम्ही? आधी खाली उतरा."

"उतरतो... पण जरा क्रेट धरता का? हलतोय."

"हलू दे. पडा."

पेटीतलं डोकं बाहेर आलं. तिरकी कानटोपी, घसरलेला चष्मा, आणि ओठांत धरलेला एक स्क्रू. त्यानं प्राचीकडं पाहिलं, स्क्रू खिशात टाकला आणि क्रेटवरूनच हळूच म्हणाला, "तुम्ही प्राचीताई ना? मी समाधान. ते ॲप... ते मी लिहिलंय."

घ्या! ज्याला शिव्या घालायच्या, तो आयताच हाती लागला होता.

आता झालं होतं काय, ते सांगायला हवं. पिंपळवंडीच्या शिवारात असे पाच खांब. प्रत्येकावर पांढरी पेटी. ती थंडी मोजते आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर निरोप धाडते. जानेवारीत पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा, ही इथली रीत. पण रोज पहाटे उठून थंडी चाचपत कोण बसणार? बाजूला ऊस. उसातून बिबट्या कधी समोर येऊन उभा राहील, त्याचा नेम नाही. म्हणून शेतकीची पदवी घेऊन घरी आलेल्या प्राचीनं घरोघर चपला झिजवल्या होत्या. "मशीन सांगेल तेव्हाच उठा. बाकीचे दिवस खुशाल झोपा!"

आणि आज मशीननं सांगितलं होतं, 'खांब चार. तापमान ० अंश. ताबडतोब धूर करा.'

शून्य! पिंपळवंडीत कुणाच्या आज्यानं शून्य पाहिलं नव्हतं. अख्खं गाव काठ्या, बॅटऱ्या घेऊन, बिबट्यानं लांब राहावं म्हणून मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून बागांत धावलं. हाताला लागेल ते पेटवलं. सावळारामबाबांनी तर घाईघाईत स्वतःची बाज पेटवली. मग उजाडलं. प्राचीच्या वडिलांनी, संपतअण्णांनी, घरातला जुना थर्मामीटर आणून वेलीला टांगला. तेरा अंश.

बाबा आपल्या बाजेच्या राखेकडं बघत राहिले, आणि मग सगळे प्राचीकडं बघायला लागले.

खरं तर तिला या समाधानला फाडून खायचं होतं. पण प्राचीची एक लहानपणापासूनची खोड होती. राग आणि प्रश्न एकदम आले, की प्रश्न पुढं घुसायचा.

"मला एक सांगा," ती म्हणाली, "ते शून्य आलं कुठून?"

समाधान क्रेटवरून उतरला. त्याच्या हातात वायरचं टोक होतं, बारीक दातांनी कुरतडलेलं. "खार. वायर तोडली तिनं. त्यामुळं आकडा आलाच नाही."

"आलाच नाही, तर शून्य कसं लिहिलं?"

"प्रोग्रॅमला काहीतरी आकडा लागतोच. मिळाला नाही, की तो शून्य धरतो."

"कुणी सांगितलं त्याला धरायला?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "...मी."

"असं कसं? उद्या आईनं मला विचारलं, विहिरीत पाणी किती आहे गं, आणि मी विहिरीवर गेलेच नाही... तर मी 'अजिबात नाही' म्हणून सांगू?"

"नाही."

"मग काय सांगू?"

"माहीत नाही म्हणाल. बघितलं नाही म्हणाल."

"मग हे त्याला का नाही शिकवलं?"

समाधान तिच्याकडं बघतच राहिला. एवढ्या साध्या शब्दांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, पुण्याच्या कंपनीतही नाही. प्राचीला उगाचच हातांचं काय करावं कळेना.

"काय बघताय?"

"काही नाही. ते... नाकाला काळं लागलंय तुमच्या."

तिनं बाहीनं पुसलं.

"आता गालालाही लागलं," तो म्हणाला. त्याचा हात अर्धा वर आला होता. तो त्यानं घाईघाईनं वायरीकडं वळवला.

त्याच दिवशी गावानं ठरवलं, खांब उपटून टाकायचे. गोकुळ नावाचा एक बागायतदार तर पहार घेऊनच आला होता. अण्णांनी कसंबसं सगळ्यांना थोपवलं. "दोन रविवार द्या. दुसऱ्या रविवारी सभा घेऊ. तवर नीट झालं तर झालं, नाहीतर म्या सोता उपटतो." म्हणजे हातात अकरा दिवस होते. खांब गेले, तर 'पोरीच्या नादी लागून फसलो' हे प्राचीला जन्मभर ऐकावं लागणार होतं.

निघताना आईनं समाधानच्या हातात डबा ठेवला. बाजरीची भाकरी, मेथी, ठेचा. नारायणगावात एकटाच खोली घेऊन राहतो, दिवसा कंपनीचं काम करतो आणि फावल्या वेळात हे खांब सांभाळतो, एवढं तिनं चहा देताना काढून घेतलं होतं. "सकाळधरनं पोटात काय न्हाई लेकराच्या," आई म्हणाली. लेकरानं गावाला धुरात घातलं, ते ती विसरूनही गेली होती.

शुक्रवारी समाधान परत आला. नवी वायर, ती घालायला लोखंडी नळी, आणि डबा. डबा घासूनपुसून असा लख्ख केला होता की त्यात तोंड दिसावं. मोठ्या अदबीनं त्यानं तो आईच्या हातात दिला. आईनं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि ती तडक आत गेली.

"माझं काही चुकलं का?"

"रिकामा दिलास," प्राची म्हणाली. त्यांच्यातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"घासला होता की चांगला!"

"घासून दे, नाहीतर कल्हई लावून दे. अरे, रिकामा डबा परत द्यायचा नसतो! एवढंही माहीत नाही? चिमूटभर साखर तरी घालायची."

समाधान ओशाळून हसला. "नाही गं माहीत. आमचं घर तळेघरच्याही वर, डोंगरात. शाळेला दोन तास चालत जायचं, गाडी आली तर आली. म्हणून पाचवीपासून वसतिगृहात ठेवलं मला. तिथं ताट असतं, डबा नसतो. मला डबा असा कुणी दिलाच नव्हता... परवापर्यंत."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता त्यात. पाऊस किती पडला ते सांगावं, तसं त्यानं सांगितलं. तो तिला आवडला, तो तेव्हाच. उगाच आढेवेढे कशाला घ्या!

"बरं, पण मला सांग," त्याच्या डोक्यातला किडा आता वळवळायला लागला होता, "समज, घरात साखर नसलीच तर?"

"तर चिठ्ठी घालायची. 'साखर संपली, रागावू नका.'" प्राची हसत म्हणाली.

समाधान हसला नाही. नळी हातात तशीच धरून उभा राहिला. "परत सांग."

"काय?"

"म्हणजे डब्यात एक तर वस्तू... नाहीतर वस्तू का नाही, त्याची चिठ्ठी. पण नुसता रिकामा कधीच द्यायचा नाही?"

"हो. पण तू असा भूत बघितल्यासारखा काय बघतोयस?"

"काही नाही!" म्हणत त्यानं गाडीला किक मारली. नळी तिथंच, वायर तिथंच, पान्हेसुद्धा तिथंच! तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून धावत आली. खिडकीतून तिनं सगळं ऐकलं होतं. तोच डबा तिनं पुन्हा भरला होता, गुळाच्या पोळ्यांनी.

"घे रे बाबा. आन् साखर नसली तरी चालंल हां."

वायर शेवटी प्राचीनंच बसवली. नळीतून ओवून, टोकं पिळून, चिकटपट्टी मारून. खार येऊन बघून गेली आणि नाराज होऊन परतली.

सोमवारी भल्या सकाळी डबा आला, तो तांदळानं भरून. त्याच्या आईच्या खाचरातला, वास असा की आईनं झाकण दोनदा उघडून हुंगलं. आणि समाधानच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं! तीन दिवस झोप नव्हती स्वारीला.

"ये, दाखवतो."

दोघं गच्चीवर बसले. लॅपटॉपच्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी. प्राचीनं डोकं पुढं घातलं. तिच्या केसांना अजून धुराचा वास येत होता, आणि समाधान एकच ओळ तिसऱ्यांदा वाचायला लागला होता.

"हे काय आहे?"

"लायब्ररी. म्हणजे पुस्तकांची नाही. प्रोग्रॅम लिहिणारे लागणारी हत्यारं एका ठिकाणी बांधून ठेवतात, तिला लायब्ररी म्हणतात. ही माझी. नाव ठेवलंय 'डबा'."

"डबा?" प्राचीला हसू आवरेना. "आईला सांगू?"

"सांग. मूळ कल्पना त्यांचीच. हे बघ... आता खांबाकडून आकडा असा उघडा येतच नाही. डब्यातून येतो. डब्यात एक तर आकडा असतो, नाहीतर चिठ्ठी. आणि झाकण उघडून बघितल्याशिवाय कुणाला आत हात घालता येत नाही. घालायला गेलं तर प्रोग्रॅम तयारच होत नाही."

"आणि चिठ्ठी निघाली तर?"

"तर ती जशीच्या तशी पुढं जायची. प्रोग्रॅममध्ये आकड्यांची सरासरी काढणारा एक भाग असतो, थंडी किती उतरेल ते ठरवणारा असतो, निरोप लिहिणारा असतो. प्रत्येकानं एक डबा घ्यायचा आणि नवा डबा पुढं द्यायचा. आत आकडा असेल तर काम करायचं. चिठ्ठी असेल तर तिच्यावर मनानं काही खरडायचं नाही, नुसती पुढं द्यायची. शेवटी ती तुझ्या मोबाईलवर येणार, 'खांब चारची वायर तुटली. थंडी किती, माहीत नाही.'"

प्राची विचारात पडली. विचारात पडली की ती वेणीचं टोक चावायची. "पण तिसऱ्या खांबावर पाऊस मोजायचं भांडं आपण बसवलंच नाही. तिथं पावसाचा आकडा येणारच नाही. मग तिथंही तुझी वायर तुटल्याची बोंब?"

समाधानचा चेहरा उजळला. "तेच! तिथं बिघाड नाहीच. तिथं नसणं हेच बरोबर आहे. त्यासाठी वेगळा डबा ठेवलाय, 'असेल किंवा नसेल' असा. नसेल तर नसेल, त्यात घाबरायचं काही नाही. नसणं वेगळं, बिघडणं वेगळं आणि शून्य वेगळं. मी तिन्ही एकाच पोत्यात भरली होती, म्हणून बाबांची बाज जळली."

"एवढंच? मग हे सगळे लोक आधीच का नाही करत?"

"करतात काही जण. मोठमोठी अवजड हत्यारं आहेत त्यासाठी. पण आपल्या पेटीतली चिप बिचारी एवढीशी. तिला पेलेल असं हवं होतं. ही सगळी मिळून तीनशे ओळींची आहे. दुसऱ्या कशावर अवलंबून नाही."

"एकटीच राहते म्हण की. तुझ्यासारखी."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काय झालं?"

"काही नाही. चल, तपासून बघू. तू खांबावर जा आणि एकेक वायर काढ."

मग काय! प्राची मोबाईल कानाला लावून बागेतून निघाली.

"काढली. काय दिसतंय?"

"चिठ्ठी. 'खांब चार बोलत नाही.'"

"बरं, जोडली. आता?"

"चौदा अंश."

"आता मी पेटीवर फुंकर मारते हां..."

"साडेपंधरा. सतरा! अगं, हळू."

"वाढली ना? गरम आहे मी जरा."

"ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. 'पडा' म्हणाली होतीस."

प्राची खांबाला टेकून एकटीच हसत बसली. तिथून गच्चीवर बसलेला तो दिसत होता. त्याला वाटत होतं, आपण तिला दिसत नाही. लॅपटॉपकडं त्याचं लक्षच नव्हतं.

गुरुवारी डब्यातून हिरडे आले. त्याच्याकडच्या रानातले, चांगले मूठभर.

"आवं, खोकला न्हाई कुणाला घरात!" आई पदरात तोंड घालून हसली आणि मग ते नीट बरणीत भरून ठेवले. प्राचीच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. गुरुवारी सकाळपासून रस्त्यावरून गेलेली प्रत्येक मोटरसायकल तिनं ऐकली होती, आणि समाधानची कोणती, ते तिला वळणावरच कळलं होतं. रविवारी सभा. खांब उपटले, तर ही गाडी या वळणावर यायला कारणच उरणार नव्हतं. 'पोरीच्या नादी लागून फसलो' हे ऐकायला ती तयार होती. हे दुसरं तिला झेपणार नव्हतं. त्या दिवशी तिनं डबा स्वतः भरला.

आणि शनिवारी पहाटे खरीखुरी थंडी उतरली.

निरोप आला, 'खांब एक, दोन, पाच. सहा अंश, उतरतंय. धूर करा. खांब तीन आणि चार. वायर शाबूत, पण बॅटरी गेली. तिथली थंडी माहीत नाही. सोबतीनं जाऊन स्वतः बघा.'

रविवारी देवळापुढच्या मांडवात गाव जमलं. समाधान मागच्या खांबाला टेकून उभा, हात खिशात, पाय सारखे हलत होते. गोकुळनं उठून सुरुवात केली.

"राव, मला एक सांगा. आधी ते खोटं बोललं. आता म्हणतंय, माहीत नाय! माहीत नाय सांगायला मशीन कशाला पायजे? तेवढं तर आमचा जावई बी सांगतो."

मांडवात हशा पिकला. प्राचीनं वेणीचं टोक तोंडातून काढलं. ती उठली.

"गोकुळभाऊ, तुमची बाग तिसऱ्या खांबाची. काल तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? स्वतः बघा म्हनलं, म्हणून चौघं मिळून गेलो. थर्मामीटर लावला. सात व्हतं. केला धूर."

"मणी तडकले?"

"...न्हाई. वाचले."

"आणि त्यानं 'माहीत नाही' न म्हणता मनानंच तेरा लिहिलं असतं तर?"

गोकुळनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून सावळारामबाबा बोलले. बाबा बोलले की गाव गप्प बसतं.

"आरं गोकुळ, उसात बिबट्या दिसला न्हाई, म्हंजी बिबट्या न्हाईच, असं धरून तू आत शिरतो का?"

"नाय बा!"

"का रं?"

"दिसला नाय एवढंच कळलं की. असंल बी आत."

"मंग? ह्ये यंत्र आता तेच म्हनतंय. मला दिसलं न्हाई, तू बघ. लई शहाण्यावानी बोललं. आपल्यात किती जनांना येतं असं बोलाया? राहू द्या खांब." बाबा थांबले आणि मागं वळून बघत म्हणाले, "पर माझी बाज?"

"भाड्याच्या टेम्पोत आहे, बाबा," मागून समाधानचा आवाज आला. "सुंभानं विणून आणलीय."

यावर जो गलका झाला, त्यात सभा कधी संपली ते कुणाला कळलंच नाही. गोकुळ स्वतः बाज उतरवायला धावला.

प्राची धावत बागेत आली, तेव्हा समाधान चौथ्या खांबाची बॅटरी बदलून पेटी बंद करत होता. क्रेट तोच, स्वेटर तोच. शेवटचा स्क्रू पिळून तो खाली उतरला.

"झालं," तो म्हणाला. "आता हे आपोआप चालेल. काही बिघडलं तर काय बिघडलं तेही कळेल. वायर तर तूच बसवतेस, माझ्यापेक्षा चांगली. आता मला इथं यायची... तशी गरज नाही."

अकरा दिवस! अकरा दिवस ती या खांबासाठी भांडली होती. खांब राहिला, आणि त्याच्यामुळंच हा निघाला! हसावं की रडावं तिला कळेना.

"बरं," ती म्हणाली.

"हं."

"आणखी काही?"

"काही नाही." तो गाडीकडं वळला.

"थांब!" प्राचीनं पुढं होऊन गाडीचं हँडल धरलं. "हे तुझं 'काही नाही'. पहिल्या दिवसापासून ऐकतेय मी. काय बघतोयस? काही नाही. काय झालं? काही नाही. मला आज सांगच. हे शून्य आहे का? नीट मोजलंस आणि खरंच आत काही निघालं नाही? का वायर तुटलीय, आकडा आलाच नाही, आणि तू आपला शून्य लिहून मोकळा झालास? जगाला शिकवतोस ना, रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून!"

समाधाननं सॅक उघडली आणि डबा काढून तिच्या हातात दिला. "हा... सभेच्या आधीच द्यायचा होता."

डबा हलका होता. फार हलका. तिनं हलवून पाहिला, काहीच वाजलं नाही. घाईघाईनं झाकण उघडलं.

आत चारदा घडी घातलेली चिठ्ठी होती.

'खांब सहा. नाव समाधान. आकडा मिळाला नाही. कारण, प्राची समोर आली की वायर तुटते. सात वेळा प्रयत्न केला. प्रयत्न चालू आहे.'

तिनं दोनदा वाचली. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदमच.

"वायर तुटली की इथं कोण बसवतं?" तिनं विचारलं.

"...तू."

"मग चढ आणि बोल."

"क्रेटवर?"

"हो. हलला तर मी धरते."

तो वेडा खरंच चढला! प्राचीनं दोन्ही हातांनी क्रेट धरला. द्राक्षाच्या वेलींवर ऊन आलं होतं. तिनं वर पाहिलं, तर त्याची कानटोपी पुन्हा तिरकी झाली होती.

"प्राची, मला तू आवडतेस. नाकाला काळं लागलं होतं, तेव्हापासून. हे खांब उपटले असते ना, तरी मी काहीतरी निमित्त काढून आलो असतो. तुझ्याशिवाय मला आता... जमणार नाही."

"एवढं सांगायला अकरा दिवस?" ती म्हणाली. "मलाही तू आवडतोस. लई! उतर आता खाली."

तो उतरला. उतरताना तिचा हात धरला, तो मग सोडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शेवटी प्राचीनंच सोडवून घेतला, डबा उचलला आणि घराकडं पळाली.

आई ओट्यापाशी होती. प्राचीनं साखरेची बरणी काढली आणि डब्यात ओतायला लागली.

"एवढी साखर कुनाला गं?"

"रिकामा डबा द्यायचा नसतो ना आई."

"आगं, डबा आपला. त्यो त्यानं भरून द्यायचा असतो, आपन न्हाई."

बरणी प्राचीच्या हातात तशीच राहिली. आईनं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर समाधान गाडीपाशी उभा राहून चष्मा पुसत होता, तोच तोच, पुन्हा पुन्हा. आईनं बरणीत हात घातला, आणखी एक मूठ साखर डब्यात घातली आणि झाकण घट्ट दाबून बसवलं.

"जा, दे त्याला. आन् म्हनावं, ह्या खेपेला डबा द्यायला एकटा येऊ नको. तुझ्या आईला संगं घेऊन ये."

प्राचीनं निरोप सांगितला, शब्दाला शब्द. समाधाननं तो ऐकला, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि हेल्मेट घालायचं सोडून नुसता उभा राहिला.

"काय झालं?" प्राचीनं विचारलं.

"खूप काही," तो म्हणाला.